एका एकोणचाळीस अंकी संख्येची परीक्षा

आमच्या नातवानें परवां आम्हांस विचारलें, "आजोबा, ही एवढी मोठी संख्या कशानेंच भागत नाहीं, हें खरें कशावरून?" आम्हीं संवयीनें उत्तर दिलें, "पुस्तकांत आहे म्हणून." तीस वर्षें वर्गांत याच उत्तरावर आम्हीं निभावून नेलें, त्या दिवशीं मात्र तें आमचें आम्हांसच खटकलें.

ती संख्या अशी: दोनाचा आंकडा १२७ वेळां मांडून गुणाकार करावा व त्यांतून एक वजा करावा, म्हणजे १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही संख्या येते. ही मूळ संख्या होय. एक व ती स्वतः यांवांचून तिला भाजक नाहीं. मेर्सेन नामक फ्रेंच धर्मगुरूंनीं १६४४ सालीं या जातीच्या मूळ संख्यांची यादी दिली, तींत ही होती. परंतु त्याच यादींत ६७ व २५७ हे घात चुकून आले, आणि ६१, ८९ व १०७ हे राहून गेले. तेव्हां येथें बाबावाक्य प्रमाण मानून चालत नाहीं.

बरें, भागून पाहावें, तर वीस अंकी भाजकांपर्यंत जावें लागतें. सेकंदास एक याप्रमाणें विषम संख्यांनीं भागीत बसल्यास वीस हजार कोटी वर्षें पुरणार नाहींत!

ही अडचण एदुआर ल्युका या फ्रेंच गणितशिक्षकांनीं दूर केली. १८७६ सालीं त्यांनीं न भागतां ही संख्या मूळ असल्याचें सिद्ध केलें. १९३० सालीं अमेरिकेचे लेमर यांनीं ती कसोटी सोपी केली. घातांक विषम व मूळ असावा. चारापासून आरंभ करून वर्ग करावा, दोन वजा करावे, परीक्ष्य संख्येनें भागून बाकी ठेवावी, व त्या बाकीवर पुन्हा तीच क्रिया करावी. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळां असें करून शेवटीं शून्य उरलें, तर संख्या मूळ. न उरलें, तर नव्हे. उदाहरणार्थ, ३१ म्हणजे दोनाचा पांचवा घात वजा एक. क्रिया तीन वेळां: प्रथम १४, मग १९४, बाकी ८, मग ६२, बाकी शून्य. आपल्या एकोणचाळीस अंकी संख्येस हीच क्रिया १२५ वेळां पुरते.

यांत एक मौज आहे. ६७ व्या घाताची संख्या मूळ नाहीं, हेंही ल्युकांनीं १८७६ सालींच दाखविलें. पण तिचे अवयव १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ हे कोल यांनीं १९०३ सालीं जाहीर केले. चोरी झाल्याचें ठरलें, चोर मात्र सत्तावीस वर्षांनीं सांपडला!

१९५१ पर्यंत आपल्या संख्येहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती. २०२४ सालीं सांपडलेली ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या याच जातीची असून तिची खात्रीही याच कसोटीनें यंत्रांवर झाली.

आमच्या नातवानें पाटीवर १२७ ही संख्या, म्हणजे सातवा घात वजा एक, घेतली. पांच क्रियांच्या बाक्या १४, ६७, ४२, १११ व शून्य आल्या. वडीलधाऱ्यांस आमची विनंती कीं, आपल्या घरच्या मुलांकडूनही हें गणित करवून घ्यावें. मग "कशावरून?" या प्रश्नास "मांडून पाहिलें म्हणून" असें उत्तर त्यांस देतां येईल. आम्हांस तें देतां यावयास साठी उलटावी लागली.