लोहाशनी: परीक्षा आणि पंचनामा

इ.स. 1904 च्या सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेणारी उपकरणे अलिबागेस हलविण्याची तजवीज केली, याचे कारण मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्यास 1841 पासून चालत आलेली नोंद दूषित झाल्याखेरीज राहिली नसती. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन, जुन्या आणि नव्या दप्तराची सांगड पक्की करून, मगच कुलाब्याचे काम बंद करण्यात आले. अलिबागची इमारत पोरबंदरच्या चुंबकत्वविरहित वालुकाश्माने उभारली गेली व तिच्यात लोखंड वर्ज्य मानले गेले. दाराशी काळा पाषाण हवा तेवढा पडलेला असता दगड दुरून आणण्याचा हा खटाटोप वरवर पाहता खर्चिक वाटेल. पण त्या काळ्या पाषाणातच मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण खच्चून भरलेले असतात, आणि नेमकी हीच गोष्ट रायगडच्या किनाऱ्यावर लोहाशनी, म्हणजे आकाशातून पडलेले लोखंड, शोधू पाहणाऱ्या हौशी माणसाच्या आड येते.

अशनी पारखण्याची जी पहिली युक्ती कोणीही सांगतो ती लोहचुंबकाची. आता हा चुंबक घेऊन अलिबाग, नागाव किंवा मुरूडच्या पुळणीवर उतरावे, तर वाळूतील काळे पट्टेच त्याला दाढीसारखे चिकटतात. किनाऱ्यावरचा गोटा चुंबकाला ओढ देतो, कारण तो दख्खनच्या लाव्ह्याचा तुकडा आहे. त्यातून या मुलखाचा इतिहास लोखंडाने भरलेला: चौल-रेवदंड्याचे पोर्तुगीज, कुलाब्याचे आंग्रे, जंजिऱ्याचे सिद्दी यांनी एकमेकांवर झाडलेले गोळे, गलबतांचे नांगर आणि खिळे, आणि अलीकडे डोलवीसारख्या पोलादाच्या कारखान्यांतून निघणारी धातुमळी. शे-दोनशे वर्षे खाऱ्या चिखलात राहिलेला ओतीव गोळा जड असतो, तांबूस-काळा असतो, चुंबकाला घट्ट धरतो. अशनी म्हणून घरच्या कपाटात विराजमान होण्यास याहून अधिक पात्रता ती कोणती!

खऱ्या लोहाशनीच्या परीक्षेची सुरुवात, आणि ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे, हिंदुस्थानातल्या दगडांनी झाली. 19 डिसेंबर 1798 रोजी काशीजवळ क्राखुत येथे दगडांचा वर्षाव झाला. त्यातील काही नमुने विलायतेस पोहोचले व एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने इतर ठिकाणच्या दगडांबरोबर आणि आकाशातून पडल्याची वदंता असलेल्या लोखंडाच्या ढेपांबरोबर त्यांचे पृथक्करण करून 1802 मध्ये दाखवून दिले, की दगडांतील धातूच्या कणांत आणि त्या ढेपांत निकेल सारखेच आढळते. आकाशातून दगड पडणे ही अडाण्यांची समजूत, असे म्हणणाऱ्या विद्वानांची बोलती त्यानंतर हळूहळू बंद झाली. लोहाशनीत शेकडा पाचांहून अधिक निकेल जवळजवळ हटकून असते. तोफेच्या गोळ्यात ते नसते. तेव्हा प्रयोगशाळेचा निकेलचा दाखला ही पहिली शहानिशा. बाकीच्या खुणा घरीही पाहता येतात: धातुमळीत बुडबुड्यांची छिद्रे असतात, अशनीत ती सहसा नसतात, फरशीच्या खरबरीत पाठीवर घासल्यास मॅग्नेटाइट काळा कस देतो, लोहाशनी देत नाही, आणि नुकत्याच पडलेल्या लोहाशनीच्या अंगावर, कणकेच्या गोळ्यात अंगठा दाबत जावा तसे उथळ खळगे असतात.

तथापि अंतिम साक्ष आतली. लोहाशनी कापून, कापलेली बाजू आरशासारखी घासून, तिच्यावर मद्यार्कात मिसळलेले सौम्य नायट्रिक आम्ल फिरविले की पाहता पाहता गुळगुळीत राखाडी पृष्ठावर पट्टे उमटू लागतात. एका दिशेला रुंद, मंद पट्टे; त्यांना ठरावीक कोनांत छेदणारे दुसरे, तिसरे; आणि मधल्या फटींतून चकचकीत बारीक रेषा. रुंद पट्टे कमी निकेलच्या केमासाइटचे, रेषा अधिक निकेलच्या टेनाइटच्या. व्हिएन्नाच्या विडमनस्टेटन यांनी 1808 साली ही नक्षी पाहिली व तिला त्यांचे नाव मिळाले, जरी टॉम्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने नेपल्समध्ये ती चार वर्षे आधीच नोंदविली होती. अशी नक्षी कोणत्याही भट्टीत काढता येत नाही, कारण ती उमटण्यास धातू दशलक्ष वर्षांत काही दशक अंशांपासून काही हजार अंशांपर्यंत, इतक्या संथ गतीने थंड व्हावा लागतो. फुटून गेलेल्या एखाद्या लघुग्रहाच्या पोटातच हे घडू शकते. आपल्या पृथ्वीचा गाभाही लोह-निकेलचाच, पण तेथवर हात पोहोचणे नाही. बहुतेक लोहाशनी हे तशा गाभ्याचे हाती येणारे तुकडे होत. (निकेल फार कमी किंवा फार जास्त असेल तर नक्षी उमटत नाही, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.)

लोहाशनींनीच पृथ्वीचे वय सांगितले. ॲरिझोनातील कॅन्यन डायब्लो या लोहाशनीतील ट्रॉइलाइट खनिजात शिसे आहे पण युरेनियम जवळपास नाही, म्हणजे तेथले शिसे सूर्यमालेच्या जन्मापासून जसेच्या तसे राहिले. ते पाया धरून क्लेअर पॅटर्सन यांनी 1956 मध्ये पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे काढले आणि तो आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे. 1898 साली तमिळ प्रदेशात सापडलेल्या कोडाईकनालच्या लोहाशनीने मात्र वेगळीच अडचण उभी केली. त्याच्या पोटातील सिलिकेटचे कण 1967 च्या मोजणीत अवघ्या 370 कोटी वर्षांचे निघाले. सूर्यमाला स्थिरावल्यानंतर इतक्या उशिरा ते वितळण्यास कोणती आपत्ती कारण झाली, याचा खल अद्याप संपलेला नाही.

सापडलेल्या तुकड्याची नोंद कशी ठेवावी, याचा वस्तुपाठ मोगल दरबाराने घालून दिला आहे. एप्रिल 1621 मध्ये जालंधर परगण्यात पहाटे मोठा आवाज होऊन तेजाचा गोळा पडला. तेथील आमिल महंमद सईद याने जागेवर जाऊन करपलेल्या जमिनीची पाहणी केली, ती खणवली, निघालेला तप्त लोखंडाचा तुकडा दरबारी रुजू केला. त्याचे वजन 160 तोळे भरले. वेळ, स्थळ, साक्षीदार, वजन: आजच्या तहसीलदाराचा पंचनामाही याहून अधिक काय लिहील? पुढे जहांगीराने उस्ताद दाऊदकरवी त्याच्या तलवारी घडविण्याचा हुकूम दिला. निव्वळ आकाशलोह हातोड्याखाली फुटू लागले, म्हणून तीन भागांत एक भाग साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी झाली. विज्ञानाच्या दृष्टीने हे नुकसानच. पण नोंद राहिली, आणि नोंदीवाचूनचा अशनी म्हणजे सातबारा नसलेली जमीन.

आपल्याकडे ‘राइस पुलर’ची, म्हणजे तांदूळ ओढतात म्हणून खपविली जाणारी, भांडी विकणारे ठग ज्या इरिडियमच्या नावाने लोकांना कोट्यवधींची स्वप्ने विकतात, ते लोहाशनीत दहा लाख भागांत काही भाग एवढेच असते. वर्गवारीसाठी अभ्यासक ते गॅलियम व जर्मेनियमबरोबर मोजतात. कोणी त्यातून श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही. बाजारात प्रमाणपत्रासह मिळणाऱ्या ‘अस्सल’ तुकड्यांचीही तीच गत. प्रमाणपत्र देणाऱ्याने तुकडा कापून पाहिला होता काय, एवढा एकच प्रश्न विचारावा.

चुंबकाविषयी आणखी एक तक्रार आहे व ती गंभीर आहे. अशनीतील धातूच्या अतिसूक्ष्म कणांत, तो ज्या पिंडात घडला त्याच्या चुंबकक्षेत्राची खूण टिकून असू शकते. लोह आणि खनिज यांच्या मिश्रणातल्या इमिलॅक व एस्केल या पल्लासाइट अशनींतून ती वाचून त्यांच्या मूळ पिंडात एकेकाळी द्रव गाभा खळखळत होता असे अनुमान 2015 मध्ये मांडले गेले. जोरदार हातचुंबक दगडाला टेकविला की अशी खूण क्षणात पुसली जाऊ शकते. म्हणून दोऱ्याला टांगलेली साधी होकायंत्राची सुई जवळ न्यावी, ती हलली तर पुरे.

महाराष्ट्रात पाहणी-नोंदीसह मिळालेले अशनी बहुतेक दगडी आहेत. 22 मे 2012 रोजी नागपूरजवळच्या काटोल परिसरात पडलेले तुकडेही तसेच. त्यांत पुढे ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या प्रावरणाचे मुख्य खनिज सापडले. पडताना पाहिलेल्या अशनींत लोहाशनी शंभरात चार-पाचच असतात. वाळवंटात व अंटार्क्टिकाच्या बर्फात ते हजारो वर्षे तग धरतात; कोकणच्या पावसात, क्षार आणि जांभ्याच्या आम्ल मातीत त्यांना पोसेल असे काही नाही. क्लोराइड फटीत शिरले की गंज आतूनच पोखरत जातो. म्हणून किहीम ते हरिहरेश्वर या पट्ट्यात उद्या कोणास संशयित तुकडा मिळालाच, तर तो जागेवरच मोजमापासह टिपावा, छायाचित्र घ्यावे, गोड्या पाण्यानेही न धुता कोरड्या बंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा, तलाठ्यास कळवावे, आणि कापण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणावर सोपवावे.