सुकाणू गेलं तर?

मिरकरवाडा जेटीवर बोटी बघताना हा प्रश्न मला हमखास पडतो. सुकाणू तुटलं तरी बोट निदान तरंगते. पण बॉस, विमानाचं काय?

१९ जुलै १९८९. युनायटेड २३२चं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा ठप्प! उरली दोन इंजिनं. दोन्हींचा जोर वाढवला की नाक वर, एकाचाच वाढवला की वळण. एवढ्यावर वैमानिकांनी सू सिटी गाठली. विमान आदळलं, पण २९६पैकी १८४ जण वाचले.

नासाने मग हीच कसरत संगणकाला शिकवली. १९९५मध्ये एमडी-११ त्या सॉफ्टवेअरवर सुखरूप उतरलंसुद्धा. भारी ना? विमान कंपन्यांनी मात्र ते घेतलंच नाही. (माझ्या मते, शुद्ध कंजूषपणा!) २००३मध्ये बगदादवर क्षेपणास्त्र लागलेलं मालवाहू एअरबस तिघांनी हातानेच इंजिनं सांभाळत उतरवलं.