दुखण्यातून उठल्यावरची चाल

स्तनाच्या कर्करोगातून बाई उठली की घरातली वडीलधारी माणसे सांगतात, "आता आराम कर. हाताला जप." सल्ला मायेचा खरा, पण तो आता जुना झाला आहे. शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांनी आलेला थकवा नुसते पडून राहिल्याने जात नाही; उलट स्नायू दुबळे होतात आणि जिना चढतानाही धाप लागते. रोज थोडे थोडे चालत राहिले तर तोच थकवा उतरू लागतो, हे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे.

खरी भीती असते ती हाताची. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तेथे किरण दिले, म्हणजे हातातून परतणाऱ्या लसिकेची वाट अडते आणि हात सुजू शकतो. म्हणून वजन उचलूच नये, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. २००९ साली अमेरिकेत अशी सूज असलेल्या १४१ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्यापासून बेताबेताने वाढवीत वजन उचलणाऱ्यांपैकी १४ टक्के स्त्रियांची सूज बळावली. न उचलणाऱ्यांत हेच प्रमाण २९ टक्के होते! आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८५० स्त्रियांची योगाची चाचणी केली व २०२२ साली ती जगापुढे मांडली. त्यात कसरतीची आसने नव्हती. सोपी आसने, मध्येमध्ये विश्रांती आणि प्राणायाम, एवढेच.

"आमच्या बाया दिवसभर राबतातच, मग निराळा व्यायाम कशाला?" असे आम्हांला कामगारवस्तीत नेहमी विचारतात. राबणे आणि व्यायाम यांत फरक आहे. चार घरची भांडी घासणारीला वेग ठरविता येत नाही, दमली म्हणून थांबता येत नाही, आणि भरलेली बादली काही तिच्या बेताने जड होत नाही. व्यायामात हे तिन्ही तिच्या हाती असते. आठवड्यातून तीनदा अर्धा तास झपझप चालावे, दोनदा स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे २०१९ पासून तज्ज्ञ सांगत आले आहेत. पुण्यात जागेचा तोटा नाही. आधी सारसबागेतली सपाट वाट, मग जमेल तशा पर्वतीच्या पायऱ्या.

तोटा आहे तो अर्ध्या तासाचा. राज्य विमा योजनेतल्या कामगार स्त्रीला, अटी पुऱ्या झाल्या तर, कर्करोगासाठी दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकते. मोलकरणीला खाडा म्हणजे पगारकपात. १९८० साली पुण्याच्या मोलकरणींनी संप केला, तेव्हापासून रजेचे भांडण चालूच आहे. म्हणून मालकीणबाईंना आमचे सांगणे आहे की दुखण्यातून उठलेल्या बाईचे सकाळचे काम अर्धा तास उशिरा घ्या, पैसे कापू नका. वस्तीतल्या दोघीतिघींनी तिच्याबरोबर चालावे. एकटीचा नेम चार दिवसांत मोडतो.

सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी, विशेषतः हाडांत रोग पसरला असेल किंवा हृदयाचे दुखणे असेल तर. हात लाल होऊन तापला किंवा अंगात ताप भरला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.