दाव्याचा खर्च आणि आपला हक्क

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु ती पायरी चढणे नेहमीच आपल्या हाती नसते. दुसऱ्याने दावा लावला की समन्स घरी येतेच. वर्षानुवर्षे तारखा पडतात, अखेर निकाल लागतो आणि तो विरुद्ध गेला तर शेवटी लिहिलेले असते, ‘दावा खर्चासह मंजूर.’ या ‘खर्चासह’ शब्दाने माणूस खचतो. कोर्टाने रक्कम लिहिली म्हणजे ती अचूकच असणार, असे समजून तो गुपचूप पैशांच्या जमवाजमवीला लागतो. वाचक बंधू-भगिनींनो, ही समजूत बरोबर नाही, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही बँकेत कारकून. सोने तारण कर्जाच्या टेबलावर असताना आमच्या वस्तीतील एक निवृत्त काका पत्नीच्या पाटल्या फडक्यात बांधून आले. बोळाच्या वहिवाटीचा दावा ते हरले होते आणि शेजाऱ्याच्या खर्चापोटी ८,६४० रुपये भरायचे होते. आम्ही हुकूमनाम्याची नक्कल मागितली व सवयीने खर्चाच्या तक्त्याची बेरीज केली. ती ६,८४० आली! फरक १,८०० चा. हिशेब जुळेना आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहावे, हे बँकेत नवख्यालाही शिकवतात. इथे ६ आणि ८ यांनी जागा बदलल्या होत्या. शिवाय काकांनी एकदा तारीख वाढवून घेताना कोर्टाच्या आदेशाने शेजाऱ्याला ५०० रुपये दिले होते. त्याची पावती घरी होती, तरी ती रक्कम तक्त्यात पुन्हा धरली होती. म्हणजे खरा आकडा ६,३४० रुपये. पाटल्या आम्ही तशाच परत बांधायला लावल्या.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ नुसार खर्च कोणी, कोणाला व किती द्यावा हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. सर्वसाधारणपणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. तसे करायचे नसेल तर न्यायालयाने कारणे लेखी द्यावी लागतात. व्यापारी वादांसाठी २०१५ पासून निराळी तरतूद आहे, तिचा येथे विचार केलेला नाही.

हुकूमनाम्याच्या शेवटी वादी व प्रतिवादी असे दोन रकाने असतात. त्यांत दाव्याची कोर्ट फी, वकीलपत्रावरील व दस्तऐवजांवरील मुद्रांक, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्स बजावणीचा खर्च अशा बाबी येतात. आदेश २०-अ नुसार नोटिशीचा, टंकलेखनाचा, कागदपत्रे तपासण्याचा व साक्षीदार आणण्याचा खर्चही धरता येतो. मात्र वकिलाला प्रत्यक्ष दिलेली सगळी फी तक्त्यात येतेच असे नाही. ती उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे धरली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत खर्चाची अशी आकारणी करण्यासाठी टॅक्सिंग मास्टर हा स्वतंत्र अधिकारी असतो.

हा आकडा चुकीचा वाटला तर काय करावे? चूक कोणत्या प्रकारची आहे, त्यावर उपाय अवलंबून आहे.

पहिला प्रकार लिहिण्याचा, बेरजेचा किंवा नजरचुकीचा. यासाठी कलम १५२ खाली त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अशी दुरुस्ती केव्हाही होऊ शकते, तरी विलंब करू नये. काकांच्या ५०० रुपयांचेही तसेच. तारीख लांबविल्याबद्दलचा खर्च दिला गेला असेल तर तो हुकूमनाम्यातील खर्चात धरता येत नाही, असे कलम ३५-ब स्पष्ट सांगते.

दुसरा प्रकार निकालपत्रातच उघड दिसणाऱ्या चुकीचा. त्यासाठी आदेश ४७ प्रमाणे पुनर्विलोकनाचा अर्ज ३० दिवसांत करावा.

तिसरा प्रकार म्हणजे निकालच मान्य नसणे. त्याला अपील हाच मार्ग. जिल्हा न्यायालयात मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नक्कल मिळण्यास लागणारा आवश्यक काळ त्यातून वजा होतो, म्हणून नकलेसाठी लगेच अर्ज करावा. केवळ खर्चाच्या रकमेसाठी केलेले अपील सहसा ऐकले जात नाही. त्यात तत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. आणि अपील दाखल झाले म्हणजे वसुली थांबली असे नव्हे. स्थगिती वेगळी मागावी लागते.

जिंकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ साली म्हटले, की खर्च प्रत्यक्ष झालेला व वाजवी असा मिळावा. तेव्हा प्रत्येक पावती जपून ठेवावी. पावती नसेल तर मागणी लंगडी पडते.

रक्कम देताना ती शक्यतो न्यायालयात भरावी. परस्पर दिली तर लेखी पावती घ्यावी आणि ३० दिवसांत न्यायालयात नोंद करवून घ्यावी. हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांपर्यंत लावता येते, आणि नोंद न झालेली भरपाई दरखास्तीच्या वेळी मोजली जात नाही.

वकिलाची फी कशी द्यायची, ही चिंता अनेकांना गप्प बसवते. विधि सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्नाची अट न लावता, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतील बौद्धांचाही यात समावेश होतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे अर्ज करण्यात कमीपणा कसला? तो आपला हक्क आहे.

काकांनी तेथूनच वकील मिळविला व कलम १५२ चा अर्ज केला. न्यायाधीशांनी शेजाऱ्याचेही म्हणणे ऐकले आणि हुकूमनामा दुरुस्त केला. काकांनी ६,३४० रुपये दोन महिन्यांच्या पेन्शनमधून न्यायालयात भरले. बोळ गेला तो गेलाच. तो निकाल त्यांनी मान्य केला. पण जे देणे नव्हते ते दिले नाही, आणि पाटल्या घरात राहिल्या.

आपल्या घरात असा कागद आला तर त्याला भिऊ नका. आधी तो पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या आणि बेरीज स्वतः करून पाहा. कोर्टाच्या कागदालाही माणसाचाच हात लागलेला असतो.