कूलर बंद पडला? आधी प्लग काढा!

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. भरदुपारी पत्र्याच्या घरात कूलर बंद पडला की आपण घाईघाईने आत हात घालतो. आम्हीही घालायचो. पण लोखंडी कूलर, खाली पाणी आणि घराला अर्थिंग नाही, म्हणजे जिवाशी खेळ.

नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. पाणी चढत नसेल तर पंपाची जाळी धुवा, गाळ काढा. पंखा फिरत नसेल तर मेकॅनिकला बोलवा. हाताला झिणझिण्या आल्या तर अर्थिंग होईपर्यंत कूलर लावूच नका.

तोवर म्हाताऱ्यांना, लेकरांना ओल्या फडक्याने पुसा, पाणी पाजा. कुणी तापलेल्या अंगाने बरळू लागले तर अंग ओले करा, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन लावा.