पित्ताशयाशेजारचा त्रिकोण

मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक ‘वर्तुळ’ असते. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ मध्ये त्याचे वर्णन छापले. पुस्तकातल्या चित्रांना हात लागला होता ख्रिस्तोफर रेनचा, ज्याने पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल उभारले. खरे तर हे वर्तुळ नव्हेच. तो वेडावाकडा बहुकोन आहे, आणि कित्येकांच्या डोक्यात त्याची एखादी बाजू अगदी बारीक असते किंवा नसतेच. भूमितीच्या सरांनी असल्या आकृतीला भोपळाच दिला असता. डॉक्टरला मात्र कुठे काय शोधायचे एवढे तिच्यावरून कळले, की पुरते.

याहून गमतीचा आहे कालोचा त्रिकोण. झां-फ्रांस्वा कालो या फ्रेंच डॉक्टरने १८९१ च्या प्रबंधात तो मांडला. पित्ताशयाची नळी, यकृतातून येणारी मोठी पित्तनलिका आणि पित्ताशयाची धमनी या त्याच्या तीन बाजू. पुढे सर्जन मंडळींनी वरची बाजू उचलून थेट यकृताच्या खालच्या पृष्ठभागावर नेऊन ठेवली. त्यामुळे जी धमनी बाजू होती, ती आता बहुधा त्रिकोणाच्या पोटात सापडते. नाव मात्र आजही अनेक जण कालोचेच घेतात.

खड्यांमुळे पित्ताशय काढायचे, तर नळी आणि धमनी दोन्ही याच जागेत गाठून कापाव्या लागतात. पण सूज असली की चरबी आणि चिकटलेले पडदे सगळे झाकून टाकतात. पित्ताशय जोरात ओढले की मोठी पित्तनलिकाही ताणून सरळ रेषेत येते आणि पित्ताशयाच्या नळीसारखीच दिसू लागते. ती चुकून कापली गेली, तर रुग्णाचे हाल वर्षानुवर्षे संपत नाहीत. दुर्बिणीची शस्त्रक्रिया रूढ झाल्यावर हा धोका ठळकपणे पुढे आला. १९९५ मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्यावर पक्की कसोटी दिली: त्रिकोण पूर्ण साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्याशिवाय क्लिप लावू नका.

दोन दिसत नसतील, तर हट्ट करायचा नाही. अनुभवी सर्जन अशा वेळी त्रिकोणाला हातच लावत नाहीत. पित्ताशय उघडून खडे काढतात, बराचसा भाग कापतात आणि नळीलगतचा तुकडा तसाच आत ठेवून बाहेर येतात.