बक्षीस कोटींचे, हातात किती?

विम्बल्डनची किंवा अमेरिकन ओपनची अंतिम लढत झाली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन आकडे हमखास येतात. एक सामन्याच्या गुणांचा, दुसरा बक्षिसाच्या रकमेचा. गुण कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. बक्षिसाचा आकडा मात्र चाळीच्या गॅलरीत, वडाच्या गाडीवर, कचेरीतल्या चहाच्या वेळी सर्वांच्या तोंडी होतो. "एका स्पर्धेत पस्तीस कोटी? सात पिढ्या बसून खातील!" मग कोणीतरी म्हणतो, "आपल्या पोरीलाही टेनिसला घालायला हवे होते."

हे बोलणे पूर्वी थट्टेचे होते. आता ते तितकेसे थट्टेचे राहिलेले नाही. मुले मोबाईलवर सामने पाहतात, शाळेतून रॅकेट धरतात आणि घरी येऊन वडिलांकडे हट्ट धरतात. अशा वेळी आईवडिलांनी "हो" म्हणावे की "नाही"? केवळ मोठ्या आकड्याला भुलून "हो" म्हणणे घातक, आणि "हा साहेबांचा खेळ, आपला नव्हे" म्हणून "नाही" म्हणणेही चूकच. हिशेब लिहिणे हा प्रस्तुत लेखकाचा रोजचा व्यवसाय आहे. म्हणून या बक्षिसाचा जमाखर्च वाचकांपुढे मांडावा असे वाटले.

चर्चगेटच्या कोर्टावरून न्यूयॉर्कला

टेनिस फार लांब नाही. प्रभादेवी स्टेशनवर, म्हणजे जुन्या एल्फिन्स्टनला, गाडीत बसले की चर्चगेट येते. तिथून चालत काही मिनिटांवर क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आहे. त्याच्या टेनिस कोर्टांवर नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई ओपन ही स्त्रियांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ती जिंकणारी बेलारूसची मुलगी तेव्हा १९ वर्षांची होती. नाव आरिना सबालेंका. त्या वेळी हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे तिने २०२३ आणि २०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, २०२४ आणि २०२५ ची अमेरिकन ओपन जिंकली. २०२५ च्या अमेरिकन ओपनचे एकेरीचे बक्षीस होते ५० लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४४ कोटी रुपये.

मुंबईची स्पर्धा ज्या श्रेणीत मोडते, तिचे '१२५' हे नाव मुळात सव्वा लाख डॉलरच्या एकूण बक्षिसावरून पडले. म्हणजे न्यूयॉर्कच्या एकट्या विजेतीला जे मिळते, त्याच्या चाळिसाव्या हिश्शात इथली सारी स्पर्धा पार पडते. आणि ती रक्कमही एकीला मिळत नाही, सर्व खेळाडूंत वाटली जाते. २०१८ नंतर मुंबईत ही स्पर्धा काही वर्षे झाली नाही, २०२४ साली परत आली. २०२५ मध्ये कोइमतूरची माया राजेश्वरन ही १५ वर्षांची मुलगी पात्रता फेरीतून येऊन उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली, तेव्हा साऱ्यांचे लक्ष तिच्याकडे गेले.

पुण्यात बालेवाडीला पुरुषांची त्याहून मोठी स्पर्धा चेन्नईहून आली होती. तिचे बक्षीस पाच लाख डॉलरच्या वर होते. २०१८ पासून ती भरली, २०२१ साली करोनामुळे चुकली आणि २०२३ नंतर बंद झाली. स्पर्धा येतात आणि जातात, हेही ध्यानात ठेवावे.

पगारपत्रकावरचा आकडा

गिरणीत काम केलेल्या घरांना मूळ पगार वेगळा आणि हातात पडणारा पगार वेगळा, हे सांगावे लागत नाही. टेनिसचेही तसेच आहे. छापून येतो तो विजेत्याचा आकडा. बाकीच्यांचे काय, ते पाहू.

२०२५ च्या विम्बल्डनची एकूण रक्कम होती ५ कोटी ३५ लाख पौंड. एकेरीत पुरुषांकडे १२८ आणि स्त्रियांकडे १२८ खेळाडू उतरतात. त्यांत विजेत्याला ३० लाख पौंड मिळाले, म्हणजे सुमारे ३५ कोटी रुपये. उपविजेत्याला १५ लाख २० हजार, उपांत्य फेरीत हरणाऱ्यास ७ लाख ७५ हजार, त्याआधीच्या फेरीत ४ लाख. अशी उतरंड लागत जाते आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्यास ६६ हजार पौंड मिळतात. विजेता आणि पहिल्या फेरीतला पराभूत यांच्यात ४५ पटींचे अंतर आहे.

मात्र याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी. पहिल्या फेरीत ६४ जण हरतात. त्या ६४ जणांना मिळून जी रक्कम गेली ती ४२ लाख २४ हजार पौंड, म्हणजे विजेत्यापेक्षा जास्त. मोठ्या स्पर्धेत हरणाराही पाऊण कोटी रुपये घेऊन जातो. म्हणून टेनिसमध्ये खरी धडपड जिंकण्याआधी, त्या १२८ जणांत नाव लागण्याची असते. जागतिक मानांकनात साधारण पहिल्या शंभरात असणाऱ्यालाच तिथे थेट प्रवेश मिळतो. बाकीच्यांनी पात्रता फेरी खेळायची किंवा खालच्या स्पर्धांत पाय रोवायचे.

त्या खालच्या स्पर्धा सोलापूर, पुणे, नवी मुंबई अशा ठिकाणीही होतात. त्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीवर साऱ्या स्पर्धेचे बक्षीस १५ हजार डॉलर असते आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दोनशे डॉलरही मिळत नाहीत. तेवढ्यात आठवड्याचे राहणे-खाणेसुद्धा भागत नाही. शिवाय दुहेरीची छापलेली रक्कम जोडीची असते, ती दोघांत वाटायची. इंग्लंड-अमेरिकेत पैसे हातात पडण्याआधी तिथला कर कापला जातो, तो वेगळाच.

खर्चाची बाजू

जमेची बाजू पाहिली, आता नावे पडणारी रक्कम पाहू. कबड्डीच्या संघाला मंडळ नेते-आणते. क्रिकेटपटूची सोय क्रिकेट मंडळ करते. व्यावसायिक टेनिसपटू मात्र स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार. विमानाचे तिकीट, हॉटेल, प्रशिक्षकाचा पगार, रॅकेटच्या तारा, दुखापतीवरचे उपचार, सारे त्याच्याच खिशातून जाते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे हरियाणातील सुमित नागल. सप्टेंबर २०२३ मध्ये तो एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. त्याने तेव्हा उघडपणे सांगितले की आपल्या बँक खात्यात ९०० युरो, म्हणजे सुमारे ८० हजार रुपये उरले आहेत. त्या वर्षी तोपर्यंत त्याने २४ स्पर्धा खेळून सुमारे ६५ लाख रुपये मिळवले होते. ऐकायला मोठी रक्कम आहे. पण जगभर फिरून खेळण्याचा वर्षाचा खर्च कोटीच्या घरात जात होता. इंडियन ऑईलची नोकरी आणि एका क्रीडा प्रतिष्ठानचे साहाय्य यांच्या आधारावर त्याचा गाडा चालला होता.

पुढे चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, हाच सुमित ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी पार करून मुख्य स्पर्धेत आला आणि पहिल्या फेरीत ३१ वे मानांकन असलेल्या बुब्लिकला त्याने सरळ सेटमध्ये हरवले. दुसऱ्या फेरीत पोहोचल्याबद्दल त्याला १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, म्हणजे जवळजवळ ९८ लाख रुपये. वर्षभरात जमले नाही ते एका आठवड्यात जमले.

आपल्या लालबाग-परळच्या लोकांना ही तऱ्हा नवी नाही. गिरणीच्या दारावर रोज सकाळी बदली कामगार उभा राहायचा. आत घेतले तर त्या दिवसाची मजुरी, नाही घेतले तर डबा घेऊन परत. टेनिसपटू हा कोट्यवधींच्या खेळातला बदली कामगारच आहे. खेळला तर पैसा, खांदा दुखावला तर घरी. बहुतेकांना भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, दवाखान्याचे कार्ड नाही.

नऊ जणींनी केलेली सुरुवात

एक गोष्ट मात्र या खेळाने आपल्या मुलींना अभिमानाने दाखवावी अशी केली आहे. विम्बल्डनमध्ये आज स्त्री आणि पुरुष विजेत्याला समान रक्कम मिळते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १९६८ साली विम्बल्डनमध्ये पहिल्यांदा रोख बक्षीस आले तेव्हा पुरुष विजेत्याला २००० पौंड आणि स्त्री विजेतीला ७५० पौंड होते. ती विजेती बिली जीन किंग. तिचे वडील अग्निशमन दलात नोकरीला होते. शेजाऱ्यांची बारीकसारीक कामे करून साठवलेल्या आठ डॉलरमधून तिने पहिली रॅकेट घेतली आणि ती खेळ शिकली ते क्लबमध्ये नव्हे, तर नगरपालिकेच्या मोफत कोर्टांवर.

१९७० साली अमेरिकेतील एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० आणि स्त्री विजेतीला १,५०० डॉलर ठेवले गेले. तेव्हा बिली जीनसह नऊ जणींनी तिथे खेळण्याचे नाकारले आणि प्रत्येकी एका डॉलरच्या करारावर सही करून ह्यूस्टन शहरात वेगळी स्पर्धा खेळली. संघटनेने बंदीचा धाक घातला, तरी त्या हटल्या नाहीत. एकटी एक असती तर दुसऱ्याच दिवशी बाहेर काढली असती. नऊ जणी होत्या, म्हणून निभावले. १९७३ साली स्त्री खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपनने समान बक्षीस दिले. विम्बल्डनला मात्र त्यासाठी २००७ साल उजाडावे लागले. त्या वर्षीची विजेती व्हीनस विल्यम्स. तीही सार्वजनिक कोर्टांवर खेळ शिकलेली कृष्णवर्णीय मुलगी, आणि समान रकमेसाठी तिने स्वतः वर्तमानपत्रात लेख लिहून भांडण मांडले होते.

समान कामाबद्दल स्त्री-पुरुषांना समान वेतन, हे तत्त्व आपल्या संविधानाच्या कलम ३९ मध्ये १९५० पासून लिहिलेले आहे. गिरणीतल्या बायांना प्रसूती लाभ देणारा मुंबईचा कायदा १९२९ चा. त्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोलले होते. टेनिसच्या स्त्रियांना पगारी प्रसूती रजेची योजना मिळाली ती २०२५ साली! पुरुष खेळाडूंच्या संघटनेनेही पहिल्या अडीचशे खेळाडूंसाठी २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी सुरू केली. किमान वेतन आणि प्रसूती रजा या मागण्या गिरणगावाने केव्हाच केल्या होत्या. कोट्यधीशांच्या खेळालाही अखेर त्याच वाटेने यावे लागले.

मग आपल्या घराने काय करावे?

मुलीला किंवा मुलाला आवड असेल तर जरूर खेळू द्यावे. पण बक्षिसाच्या आशेवर कर्ज काढू नये, दागिने मोडू नयेत, आणि शाळा तर मुळीच सोडवू नये. शाळेच्या क्रीडा स्पर्धांत लॉन टेनिस आहे. तिथून सुरुवात करावी. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढताना मिळणारे प्रत्येक प्रमाणपत्र जपून फाईलला लावावे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. विम्बल्डनच्या चषकापेक्षा ही वाट आपल्या घरांना कितीतरी जवळची आहे, आणि कागद वेळेवर केले नाहीत म्हणून ती हातची जाऊ नये.

खेळ आणि शिक्षण बरोबर चालू शकतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेच्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत शिकत तिथल्या संघातून खेळली. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर कांस्यपदक घेऊन आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला खेळली. बार्शी आणि श्रीरामपूर इथून मुली निघू शकतात, तर दादर-नायगावातून का निघू नयेत?

अडचण आहे ती कोर्टाची. आपल्या भागातली बहुतेक कोर्टे जिमखान्यांच्या भिंतींआड आहेत आणि सभासदत्व आपल्या आवाक्याबाहेरचे. बिली जीन आणि व्हीनस दोघी सार्वजनिक कोर्टांवर घडल्या, हे म्हणूनच विसरू नये. आपल्या मंडळांनी, महिला मंडळांनी एक अर्ज लिहावा. वसाहतीच्या पुनर्विकासात मैदानाला जागा सुटते तेव्हा तिथे एक सिमेंटचे कोर्ट आणि एक जाळी मागावी. महापालिकेच्या शाळांची पटांगणे सुटीच्या दिवशी मुलांना खुली करावीत, अशी मागणी नगरसेवकाकडे सह्यांनिशी करावी. एकट्याने गेलो तर शिपाई दारातून परत पाठवील. नऊ जण मिळून गेलो तर निदान आत बसवून ऐकून तरी घेतील.

बक्षिसाचे कोटी ज्याचे त्याला लखलाभ असोत. आपल्या मुलीला आधी कोर्टावर उभे राहायला जागा मिळाली पाहिजे. तेवढे आपल्या हातात आहे.